जा तू, इथलं मी बघतो

पिक्चर बघताना हिरोकडं बघायचं नाही, असा आमच्या घरात नियम होता. नियम मायचा. आता सांगताना हसू येतं, पण तेव्हा मी चुकून हिरोच्या नाचात रमले, की अंधारातसुद्धा तिचं कोपर बरोबर माझ्या बरगडीत बसायचं.

"हिरो कुठं पळून चाललाय व्हय?" ती कानाशी येऊन म्हणायची. "शेवटपर्यंत त्योच दिसनार हाय. बाजूच्या मानसाकडं बघ. त्यो मधीच जाईल, आन् पिक्चर त्याच्याबिगर पुढं चालू ऱ्हाईल. हाय तवर बघून घे."

माय पोरांच्या एका मेसमध्ये पोळ्या लाटायची. वडील मला नीट आठवतही नाहीत, इतक्या लवकर गेले. घरात माय, दादा आणि मी. गारखेड्याच्या मागच्या अंगाला आमची वस्ती, आणि मेसला सुट्टी असली की आम्ही तिघं पायी पिक्चरला. पुढच्या रांगा, पडद्याला नाक लागेल अशा. त्या टॉकीजच्या जागी आता गाड्या उभ्या राहतात. मायला दुसरी कसली हौस नव्हती, ना साडीची, ना सोन्याची. शेजारणी म्हणायच्या, ही बाई पोरं बिघडवणार. माय म्हणायची, "बिघडू द्या की. तुमच्या दारात नाय येनार भाकर मागायला."

खरा खेळ घरी आल्यावर. माय चुलीपुढं बसायची, आमच्याकडं पाठ करून, आणि भाकरी थापता थापता म्हणायची, "हं, कर." मग दादा उभा राहायचा आणि पिक्चरमधला बाजूचा माणूस करून दाखवायचा. कधी नोकर, कधी मुनीम, कधी ऑपरेशन करून बाहेर येणारा आणि नुसती मान हलवणारा डॉक्टर, कधी हिरोच्या वाट्याची गोळी खाऊन मरणारा मित्र. माय वळून बघायचीच नाही. ऐकायची. जमलं नाही तर म्हणायची, "खोटं. पुन्हा." जमलं तर म्हणायची, "हां." एवढंच. त्या एका 'हां'साठी दादा आमच्या शेणानं सारवलेल्या जमिनीवर चार-चार वेळा मरायचा आणि पुन्हा उठायचा.

एकदा मीही हट्ट करून काहीतरी करून दाखवलं. माय भाकरी उलटत म्हणाली, "तू बाई मास्तरीण हो." झाले. वैजापूर तालुक्यात झेडपीच्या शाळेवर लागले, आणि दादानं जन्मभर मला दुसऱ्या नावानं हाक मारली नाही. ए मास्तरीण. अगदी माझ्या लग्नात, नवऱ्याच्या मामासमोरसुद्धा.

दादा वाळूजला एका कंपनीत मशीनवर लागला. तीन पाळ्यांची नोकरी. त्यातून वेळ काढून नाटकं करायचा. कंपनीच्या गॅदरिंगचं, स्पर्धेचं, आणि जयंतीला विहारासमोर स्टेज लागतं तिथलं तर ठरलेलंच. आणि सगळीकडं बाजूचाच रोल. म्हातारा बाप, शिपाई, गावचा वेडा. उंची बेताची, रंग सावळा, पुढचे दात जरा पुढंच. पण तेवढ्यानं अडत नव्हतं, जयंतीच्या नाटकात मुख्य काम त्याला देऊ केलेलं मी ऐकलंय. तो म्हणायचा, "मेन रोलला पाठांतर लई असतं बावा. पाळी करून कोण पाठ करत बसणार?" सगळे हसायचे. मला मात्र ठाऊक होतं. मेन रोल केला तर माय बघणार नाही, अशी भीती होती त्याला. वेडाच होता.

मग मायचे डोळे गेले. काचबिंदू. आधी तिला वाटलं नंबर वाढला, चष्मा बदलला. मग वाटलं वय झालं. पोळीचा काठ करपायला लागला तेव्हा मेसवाल्यानं घरी बसवलं, आणि आम्ही तपासायला नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत येणार नाही. मी रडले. दादा बाहेर जाऊन उभा राहिला. माय म्हणाली, "ऱ्हाऊ दे. तसंबी मी तुमची नाटकं तुमच्याकडं पाठ करूनच ऐकली." आणि खरंच, ती पिक्चरला जायची थांबली नाही. "चल गं, पिक्चर ऐकून येऊ," म्हणायची. शेजारच्या खुर्चीवरचे लोक चमकून बघायचे.

तर अशा घरात पिक्चरचा माणूस आला.

कुणा मुंबईच्या मंडळींचा मराठी पिक्चर होता. दौलताबादच्या किल्ल्याखालच्या शेतांत शूटिंग होणार होतं, आणि त्यांना इकडचेच काही नट हवे होते. त्यांच्यातल्या एकानं स्पर्धेत दादाला बघितलं होतं. नाटकात दादा शिपाई होता, सगळी मिळून दोन-तीन वाक्यं. तेवढ्यावर त्याला हिरोचा थोरला भाऊ केलं. धाकटा शिकायला शहरात जातो, मोठा होतो, त्याच्यावर पिक्चर. थोरला गावात राहतो, शेत करतो, आणि मध्यंतरानंतर मरतो. दादानं घरी येऊन गोष्ट सांगितली तेव्हा माय इतकी हसली की तिला ठसका लागला. "बघ! मधीच जातोस का नाय!"

शूटिंगच्या दिवशी मी किरकोळ रजा टाकली आणि मायला घेऊन गेले. त्यांनी तिला लिंबाच्या सावलीत प्लॅस्टिकची खुर्ची दिली. एसटी उभी केली होती. धाकटा भाऊ गाव सोडून निघालाय, रडतोय, मागं वळून बघतोय, घराचं काय, आईचं काय, शेताचं काय, असं बरंच लांबलचक बोलतोय. थोरल्यानं त्याची पिशवी खिडकीतून आत द्यायची आणि एकच वाक्य म्हणायचं.

"जा तू. इथलं मी बघतो."

बस. दादानं एसटीच्या दाराच्या दांड्याला एका हातानं धरलं होतं. घरात तो भिंतीला धरून उभा राहायचा, तसंच. आवाज चढवला नाही, रडला नाही. दळण आणायला जाताना म्हणावं तसं म्हणाला. पण मला एकदम आमचंच घर दिसलं. मी नोकरीवर वैजापूरला निघाले तेव्हा बसस्टँडवर हाच दादा मला काय म्हणाला होता? हेच. याच्यापेक्षा एक अक्षर जास्त नाही. मी तोंडात पदर कोंबला.

समोर दिवे धरणारा माणूस शर्टाच्या बाहीनं नाक पुसत होता. आणि तेवढ्यात लिंबाखालून मायचा आवाज आला.

"हां."

सगळ्यांनी वळून बघितलं. मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. आवाजाचं मशीन सांभाळणाऱ्याला म्हटलं, माफ करा, तिला दिसत नाही, तिचं बोलणं आत गेलं असेल. तो हसला. म्हणाला, "काही बिघडत नाही मावशी. इथला आवाज आम्ही ठेवतच नाही. नंतर मुंबईला स्टुडिओत बोलावतो, तिथं पडद्यावर बघून पुन्हा सगळं बोलायचं. डबिंग."

"अगं माय!" माय म्हणाली. "येवढं चांगलं बोलल्यालं फेकून देत्यात?"

हिरोचं तोंड मात्र कडू झालं होतं. नंतर त्यानं स्वतःचे आणखी दोन-तीन क्लोजअप काढायला लावले, ते मी बघितलं. मेकअपवाली बाई पाण्याची बाटली देताना माझ्या कानात म्हणाली, "तुमच्या भावानं खाऊन टाकलं हो त्याला." परत येताना रिक्षात मी हे मायला सांगितलं. रिक्षावाले चाचा मागं न वळता म्हणाले, "ऐसाच होता, बाजी. खिचडी कोन खाता, अचार के वास्ते खाते लोगां." माय रस्ताभर हसत होती. तिला इतकं खूश मी नंतर कधी बघितलं नाही.

डबिंगचं बोलावणं आलं ते नेमकं जयंतीच्या दिवसाचं.

आता हे बाहेरच्याला कसं समजावणार? आमच्या वस्तीत जयंती म्हणजे दिवाळी, लग्न आणि निकाल एकाच दिवशी. घराघराला निळे झेंडे, पांढरी लुगडी, लेझीम, आणि संध्याकाळी विहारासमोर नाटक. ते नाटक दादाशिवाय कधी झालं नव्हतं. फोन ठेवून तो मायजवळ येऊन बसला. माय म्हणाली, "पिक्चर लोकायचं हाय, लेकरा. जयंती आपली हाय. मला आता दिसत नाय, वरसातून एकदा तुला स्टेजवर ऐकते. जाशील सोडून?" दादा म्हणाला, "छट्. मी कुठं चाललोय." आणि त्याला खरंच जायचं नव्हतं. हे मी छातीवर हात ठेवून सांगते, कारण पुढं यावरनं जे झालं ते झालं.

त्यानं पिक्चरच्या मॅनेजरला फोन करून सांगितलं, दोन दिवसांनी येतो. तो म्हणाला, "चालेल हो, आरामात या." जयंती झाली. दादा बॅग भरून बसला. मॅनेजर म्हणाला, कळवतो. पुढच्या आठवड्यात म्हणाला, कळवतो. आमच्याकडं माणूस 'कळवतो' म्हणाला की तो कळवतो, असंच आम्ही धरतो. 'नको' म्हणायची ती मुंबईची रीत आहे हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. दादाला वाटलं पिक्चर अडकला असेल. मध्ये बरेच महिने गेले, आणि एक दिवस मॉलपाशी भलंमोठं पोस्टर लागलं. हिरोच्या खांद्यामागं, जरा पुसट, आमचा दादा.

आख्खी वस्ती गेली पिक्चरला. बायकांनी जयंतीच्या साड्या नेसल्या. मॉलच्या सरकत्या जिन्यावर चढताना निम्म्या किंचाळत होत्या. आम्ही मायला मध्ये बसवलं, एका बाजूला दादा, एका बाजूला मी. दादाचा हात तिनं मांडीवर घेऊन ठेवला होता.

पडद्यावर दादा आला. बैल सोडत होता. शिट्ट्या, टाळ्या, कुणी त्याचं नाव घेऊन ओरडलं. मग त्यानं तोंड उघडलं.

आवाज त्याचा नव्हता.

कुणातरी दुसऱ्याचा होता. जाड, भारदस्त, रेडिओवर खताची जाहिरात करतात तसला. आणि भाषा! "काय रं धाकल्या," "म्या हाय न्हवं." अरे, आमच्याकडं 'न्हवं' कोण म्हणतं? सगळ्या पिक्चरांत खेडवळ माणूस म्हटला की एकच भाषा, मग तो वैजापूरचा असो नाहीतर आणखी कुठला. ओठ दादाचे हलत होते आणि त्यातून परका माणूस बोलत होता. मी अंधारात दादाकडं बघितलं. तो पडद्याकडं बघत होता, तोंड थोडंसं उघडं. आमच्या रांगेतल्या शिट्ट्या थांबल्या. मायला मात्र काय झालं ते कसं कळणार?

"आला का गं?" तिनं मला विचारलं.

"आलाय की. समोरच आहे."

थोडा वेळ ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "मग बोलत कामून नाय?"

तेवढ्यात दादा तिच्या कानाशी वाकला, आणि पडद्यावरचे त्याचे ओठ हलले की तो हळू आवाजात स्वतःचं वाक्य म्हणायला लागला. त्याच्या आवाजात, आमच्या भाषेत. मागचा एकजण म्हणाला, "ओ काका, गप बसा ना." मी मागं वळून त्याच्याकडं असं बघितलं की तो पुन्हा बोलला नाही. माय मान हलवत होती. तिला कळलं असणारच. ती काय खुळी होती? पण ती नुसतं ऐकत राहिली.

मग एसटीचा सीन आला. ती खिडकी, ती पिशवी. दादानं तोंड उघडलं, आणि पडद्यावरून घुमून आलं, "जा रं धाकल्या! हितं म्या हाय न्हवं!" आख्खं थिएटर टाळ्यांनी दणाणलं. दादा उठला आणि अंधारात पायऱ्या उतरून बाहेर गेला. मायचा हात त्याच्या रिकाम्या खुर्चीवर चाचपडत होता.

"काय म्हनला?" ती मला विचारत होती. "आता काय म्हनला गं त्यो?"

घरी आल्यावर तिनं दादाला विचारलं, आवाज का बदलला. दादा म्हणाला, "मशीन बिघडलं होतं म्हणे त्यांचं." तिनं मान हलवली. मॅनेजरला मी स्वतः फोन लावला. तो म्हणाला, तारखा जमल्या नाहीत, शिवाय तुमची बोली लोकांना जरा कळायला जड जाते. मी त्याला आमच्या बोलीत चार शब्द सुनावले, ते त्याला बरोबर कळले.

पिक्चर चालला. आणि चालला तो दादामुळंच. लोक हिरोचं नाव विसरले आणि थोरल्या भावाला धरून बसले. एका पेपरानं लिहिलं की थोरल्याचा आवाज काळजाला भिडतो. मी तो पेपर चुलीत घातला असता, पण घरात आता गॅस होता, म्हणून भाजीखाली अंथरला. पोरं मोबाईलवर त्या वाक्याचे व्हिडिओ करायची. आमच्या गल्लीत क्रिकेट खेळताना आऊट झालेल्याला म्हणायची, "जा रं धाकल्या!" दादा कामावरून येताना ऐकायचा आणि सायकल भिंतीला लावून आत यायचा.

वस्तीतल्या मंडळानं त्याचा सत्कार ठेवला. चांगल्या मनानंच ठेवला, त्यात त्यांचं काही चुकलं असं मी म्हणत नाही. विहारासमोर तेच स्टेज. शाल, पुष्पगुच्छ, भाषणं. माय माझ्या शेजारी पहिल्या रांगेत, नवं पांढरं लुगडं नेसून. मंडळाचा अध्यक्ष बोलायला उभा राहिला आणि रंगात आला. "अरे, ह्या पठ्ठ्यानं काय केलं ठाऊक आहे का? मुंबईचं डबिंग सोडलं, पण जयंती सोडली नाही! म्हणून त्याला दुसऱ्याचा आवाज लावला. लावू द्या! ह्यानं आपलं स्टेज सोडलं नाही!" टाळ्या थांबेनात.

माझ्या शेजारी मायचे हात मात्र मांडीवर पडून होते. ती टाळ्या वाजवत नव्हती.

"मशीन नव्हतं बिघडलं व्हय गं?" ती म्हणाली. "जयंतीला बोलावनं आलं होतं, तवा गेला नाय म्हनून?"

मी म्हटलं, "जाऊ दे ना माय आता."

"मी आडवलं त्याला."

मी काही बोलणार तोवर मागून आरडाओरडा सुरू झाला. डायलॉग! डायलॉग! दादानं नको नको केलं, पण माईक हातात कोंबलाच. मग तो उभा राहिला, स्टेजच्या बांबूला एका हातानं धरलं, आणि म्हणाला, "जा तू. इथलं मी बघतो." लिंबाखाली म्हणाला होता तसं. अगदी तसंच.

लोक थांबले. त्यांना वाटलं अजून व्हायचंय. मग मागून कुणीतरी म्हणालं, "पिक्चरसारखं म्हणा ना!" आणि पोरांनीच मोठ्यानं म्हणून टाकलं, "जा रं धाकल्या!" हशा पिकला, टाळ्या पडल्या. दादाही हसला. ते हसू मला अजून दिसतं, आणि दिसलं की जेवण जात नाही.

त्यानंतर दादानं नाटक सोडलं. सोडलं असं म्हणाला नाही. पाळी बदलली, पाठ दुखते, नव्या पोरांना करू द्या, असं एकेक. पुढच्या जयंतीला तो स्टेजच्या मागं मंडप बांधत होता. माय पहिल्या रांगेत बसून नाटक संपेपर्यंत त्याच्या आवाजाची वाट बघत राहिली.

घरात ती त्याच्या मागं लागायची. "एकदा म्हन की ते. एसटीचं."

"विसरलो माय."

"खोटं."

"खरंच विसरलो."

"माझ्यामुळं गेला तुझा आवाज."

"तुझ्यामुळं कशानं? मलाच जायचं नव्हतं." तो खरं तेच सांगत होता. पण तिला पटत नव्हतं, आणि ते वाक्य काही तो म्हणत नव्हता. मी त्याच्यावर चिडायचे. म्हातारी एवढं मागतीय, काय जातं तुझं म्हणायला? तो म्हणायचा, "मास्तरीण, तोंड उघडलं की मला त्याचाच आवाज येतो गं. त्या बाबाचा." पिक्चर टीव्हीवर लागायला लागला होता. एकदा दुपारी शेजारच्या घरातून ते वाक्य आलं. माय बाजेवर उठून बसली आणि भिंतीकडं तोंड करून ओरडली, "बंद करा त्याला! मेल्यानं माझ्या लेकराचं तोंड घेतलं!" शेजारीण बिचारी घाबरून रिमोट शोधत बसली.

साखर होतीच, मग किडन्या गेल्या. दवाखान्यात ठेवलं तेव्हा माय इतकी झिजली होती की दादानं तिला एकट्यानं उचलून जिना चढवला. मी शाळेतून बिनपगारी रजा घेतली. डॉक्टरांनी आम्हाला बाहेर बोलावून सांगितलं, आता त्रास होऊ द्यायचा नाही, एवढंच. बाहेर येऊन मान हलवणारा तो डॉक्टर किती वेळा दादानं चुलीपुढं केला होता. हा खरा डॉक्टर त्याच्याइतका चांगला नव्हता.

पण मायला त्रास होत होता. दुखण्याचा नव्हे. तिला पडून राहवत नव्हतं. सारखी उठायला बघायची. कणीक भिजवायची राहिलीय. मेसची पोरं उपाशी बसलीत. दाराला कुलूप लावलं का? मास्तरणीचं लेकरू लहान आहे, त्याला कोण बघणार? माझं लेकरू कॉलेजात होतं. मी सांगायचे, सगळं झालंय माय, निज. पण ती पुन्हा कोपरावर उठायची. "सारं तसंच पडलंय गं. मी कशी जाऊ?" सगळी सकाळ हेच. मी थकले, माझा आवाज चढला, आणि मग मीच रडायला लागले.

दादा कॉटच्या पायथ्याशी बसला होता. दुपार होती, शेजारच्या कॉटवरची बाई वरणभात खात होती. माय पुन्हा उठायला लागली, म्हणाली, "सोडा मला. कोन बघनार समदं?"

दादा म्हणाला, "जा तू. इथलं मी—" आणि पुढचं रडण्यातच गेलं.

माय थांबली. डोकं उशीवर टेकलं. मग तिच्या कपाळावर आठी आली, आणि ती अगदी तिच्या जुन्या, भाकरी थापतानाच्या आवाजात म्हणाली,

"खोटं. पुन्हा."

दादानं माझ्याकडं बघितलं. मग उठला. बाटलीतलं पाणी प्यायला, बाहीनं तोंड पुसलं, आणि कॉटच्या लोखंडी दांड्याला एका हातानं धरून उभा राहिला. शेजारची बाई हातातला घास तसाच धरून त्याच्याकडं बघत राहिली.

"जा तू," दादा म्हणाला. "इथलं मी बघतो."

त्याचाच आवाज. दळण आणायला जाताना म्हणावं तसा.

"हां," माय म्हणाली.

तिनं पुन्हा उठायला बघितलं नाही. हात पांघरुणावर सोडून दिले आणि निजली, आणि सकाळी निजलेलीच गेली. दादानं मला सांगितलं तेव्हा मी तिचा डबा धुवायला नळावर उभी होते. मी आत आले तेव्हा तो कॉटखालच्या तिच्या चपला पिशवीत भरत होता.